आयसीयूतून सुटका झाली, पण अंगात बळ कधी येणार?

ताप उतरला, रक्तदाब टिकवणारी औषधं बंद झाली, व्हेंटिलेटरही निघाला. डॉक्टर सांगतात, धोका टळला. आणि तरीही बाबांना कूस बदलता येत नाही. चमचा तोंडापर्यंत न्यायला जातात तो हात अर्ध्या वाटेतून खाली येतो. मांडीवर हात ठेवला तर नुसतं हाड लागतं. घरच्यांच्या मनात मग दोन शंका येतात. उपचारात काही राहून गेलं का? की माणसानंच धीर सोडला? बहुतेक वेळा दोन्ही खऱ्या नसतात. या अशक्तपणाचं मूळ स्नायूंच्या पेशींमध्ये असतं, आणि ते समजून घेतलं तर रुग्णाला कधी खायला घालायचं, कधी थांबायचं, कधी उठवून बसवायचं हे बरंच सोपं होतं. हा लेख त्यासाठी आहे.

शाळेच्या पुस्तकात आपण तंतुकणिका शिकलो होतो. पेशीच्या आतले हे सूक्ष्म भाग अन्नातली साखर आणि चरबी ऑक्सिजनच्या मदतीने जाळतात आणि एटीपी नावाचा रेणू तयार करतात. स्नायू आखडतो, सैल पडतो, ते सगळं या एटीपीवर. साखरेच्या एका रेणूपासून तंतुकणिकेत साधारण तीस एटीपी मिळतात. तंतुकणिका वगळून, ऑक्सिजनशिवाय काम भागवायचं तर फक्त दोन. एटीपीचा साठा काही सेकंदांपुरताच असतो, म्हणून स्नायूत फॉस्फोक्रिएटिन नावाची एक तातडीची शिल्लकही असते. फॉस्फोक्रिएटिनचा शोध १९२७ साली अमेरिकेत हार्वर्डमध्ये लागला, आणि शोध लावणाऱ्या दोघांपैकी एक होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. दोनच वर्षांनी त्यांनी सायरस फिस्के यांच्यासोबत एटीपीवरही काम प्रसिद्ध केलं. जर्मनीत कार्ल लोमान यांनी तो स्वतंत्रपणे शोधला होता. सुब्बारावांचं नाव आपल्याकडे अजून घरोघर पोचलेलं नाही याची मला खंत वाटते.

आता गंभीर आजारात काय होतं ते पाहू. न्यूमोनिया, लघवीच्या मार्गाचा संसर्ग, पोटात आतडं फुटणं, लेप्टोस्पायरोसिस, असं कुठलंही कारण असो. जंतुसंसर्ग रक्तातून अंगभर भिनला की शरीराची प्रतिकारयंत्रणा पेटून उठते. यालाच सेप्सिस म्हणतात. त्यात नायट्रिक ऑक्साइडसारखे पदार्थ भरमसाट तयार होतात, आणि ते तंतुकणिकेतल्या ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतच अडथळा आणतात. लंडनमध्ये मर्विन सिंगर यांच्या गटाने सेप्सिसच्या २८ रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचा तुकडा, आयसीयूत आल्यापासून पहिल्या चोवीस तासांत काढून तपासला. हे काम २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. पुढे जे १२ जण दगावले त्यांच्या स्नायूत एटीपी कमी होता. जे १६ वाचले त्यांच्यात तो टिकून होता. ऑक्सिजन रक्तात होता, पेशीपर्यंत पोचतही होता, पण पेशीला तो वापरता येत नव्हता.

याच सिंगर यांनी पुढे मांडलेला विचार मला नातेवाइकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सेप्सिसमध्ये निकामी झालेल्या अवयवांची तपासणी केली तर मेलेल्या पेशी फारशा सापडत नाहीत. म्हणजे पेशी मेलेली नसते. ऊर्जा कमी पडते आहे हे ओळखून तिने काम आवरतं घेतलेलं असतं, पावसाळ्याची वाट पाहत चिखलात पडून राहणाऱ्या बेडकासारखं. आजार ओसरला की नव्या तंतुकणिका तयार होऊ लागतात. ज्यांच्यात ही दुरुस्ती लवकर सुरू होते त्यांची वाचण्याची शक्यता जास्त, असंही नंतरच्या अभ्यासांत दिसलं. हा अजून एक विचारच आहे, सर्वांनी मान्य केलेला सिद्धांत नाही. पण पुढे सांगतो आहे त्या बऱ्याच अनुभवांशी तो जुळतो.

ऊर्जा आटली की दुसरी गोष्ट सुरू होते. स्नायू स्वतःचंच प्रथिन मोडायला लागतो आणि नवं बनवणं मंदावतं. किती वेगाने? ब्रिटनमध्ये ६३ रुग्णांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूची सोनोग्राफी करून मोजलं, तर दहा दिवसांत स्नायूचं क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. ज्यांचे एकाहून जास्त अवयव बिघडले होते त्यांची झीज कितीतरी जास्त होती. श्वासाचा मुख्य स्नायू म्हणजे पडदा. व्हेंटिलेटर त्याचं काम करू लागला की तोही झिजतो, आणि तो तर दिवसांत नाही, तासांत. अवयवदात्यांच्या पडद्याचे नमुने तपासले तेव्हा १८ ते ६९ तासांच्या पूर्ण विश्रांतीनंतर त्यातले तंतू निम्म्याहून अधिक बारीक झालेले होते. व्हेंटिलेटर काढायला वेळ का लागतो, नळी काढल्यावर परत का घालावी लागते, याचं एक मोठं कारण इथे आहे.

आता मुद्द्याचं. सुरुवातीच्या दिवसांत, म्हणजे रक्तदाबाची औषधं चालू आहेत, ताप चढउतार करतो आहे, अशा वेळी ताकद बाहेरून भरता येत नाही. पेशीला जळण देऊन उपयोग नाही, कारण ती ते जाळू शकत नाही. हे वाक्य ऐकायला कठोर आहे. आपल्या माणसाचं वजन डोळ्यांदेखत उतरत असताना हातावर हात धरून बसणं आपल्याला जमत नाही. पण जगभरच्या मोठ्या चाचण्यांनी हेच दाखवलं आहे. १९९९ मध्ये युरोपातल्या दोन चाचण्यांत आयसीयूतल्या रुग्णांना स्नायू टिकावेत म्हणून वाढीचं संप्रेरक भरपूर मात्रेत दिलं, तर मृत्यूंचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. २०१३ मध्ये ग्लुटामिन दिलेल्या, अनेक अवयव निकामी झालेल्या रुग्णांत मृत्यू वाढले. बेल्जियममधल्या ४६४० रुग्णांच्या चाचणीत शिरेतून लवकर पोषण सुरू केलेल्यांपेक्षा आठवडाभर थांबलेले रुग्ण लवकर सावरले. २०२३ मध्ये दिवसाला दर किलो वजनामागे २.२ ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रथिन देऊन पाहिलं. फायदा दिसला नाही, आणि मूत्रपिंड बिघडलेल्यांना तोटाच झाल्याचं दिसलं.

म्हणून पहिल्या काही दिवसांत डॉक्टर नाकातल्या नळीने थोडंथोडंच देत असतील तर 'पेशंटला उपाशी ठेवलंय' असं समजू नका. ते हळूहळू वाढवत नेतात, आणि तेच बरोबर आहे. सलाईनबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण 'ताकदीची बाटली लावा' ही मागणी आपल्याकडे गावोगाव होते. नॉर्मल सलाईनच्या बाटलीत पाणी आणि मीठ असतं, ऊर्जा शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे फार तर एका पोळीइतकी ऊर्जा, आणि प्रथिन अजिबात नाही. पाणी कमी पडलं असेल तर सलाईन जीव वाचवतं. ताकद देत नाही. 'एनर्जी'च्या नावाने विकल्या जाणाऱ्या कार्निटिन आणि कोएन्झाइम क्यू-१० यांच्या गोळ्यांचाही आयसीयूतल्या रुग्णांना ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. त्या पैशांची गरज पुढे फिजिओथेरपीला लागेल, तेव्हा राखून ठेवा.

डब्यातून गुपचूप काही भरवू नका, हे मी हात जोडून सांगतो. व्हेंटिलेटरची नळी काही दिवस घशात राहिली की गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात. मऊ भाताचा घास किंवा पाण्याचा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो, आणि रुग्णाला ठसकाही लागत नाही. दोन दिवसांनी परत न्यूमोनिया. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही नाही. शहाळ्याचंही तसंच. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, मूत्रपिंड नीट चालत नसतील तर ते हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. न विचारता शहाळं फोडू नका.

मग घरच्यांनी करायचं काय? बरंच काही आहे. भेटीच्या वेळेत नर्सला विचारून रुग्णाचे सांधे हलवा. खांदा, कोपर, मनगट, बोटं, गुडघा, घोटा. प्रत्येक हळूच पूर्ण वाकवून सरळ करायचा. पाऊल खाली लोंबत राहिलं तर घोट्यामागची शीर आखडते आणि पुढे महिनोन्महिने टाच टेकत नाही, त्यामुळे पावलाकडे विशेष लक्ष द्या. चष्मा आणि कानाचं यंत्र आणून द्या. दिवस आहे की रात्र, आज वार कोणता, हे सांगत राहा. जो माणूस जागा आणि भानावर असतो तो स्वतः हालचाल करतो, आणि स्वतः केलेली हालचाल तंतुकणिकांसाठी सर्वांत मोठा इशारा असते: काम आहे, वीज लागणार आहे. डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा: झोपेचं औषध रोज थोडा वेळ थांबवून पाहता का? रोज स्वतः श्वास घेता येतो का याची चाचणी होते का? फिजिओथेरपिस्ट कधीपासून येणार? साखर कितीवर ठेवता आहात? (बहुतेक रुग्णांत ती १४० ते १८० च्या दरम्यान ठेवतात, फार खाली आणण्याचा हट्ट घातक ठरतो.) हे प्रश्न विचारले म्हणून कुठलाही चांगला डॉक्टर रागावणार नाही.

लवकर हालचाल सुरू करावी, पण किती? अमेरिकेत २००९ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या १०४ रुग्णांपैकी ज्यांना अगदी सुरुवातीपासून व्यायाम दिला त्यांच्यातले ५९ टक्के रुग्णालयातून निघताना स्वतःची कामं स्वतः करू शकत होते. नेहमीच्या उपचारातले ३५ टक्के. सगळीकडे उत्साह पसरला. पुढे २०२२ मध्ये ७५० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत नेहमीपेक्षा जास्त जोर लावून रुग्णांना हलवलं, तेव्हा जास्तीचा फायदा झाला नाही, उलट ठोके आणि ऑक्सिजन बिघडण्याच्या घटना दुपटीहून वाढल्या. या दोन्हींतून मी घेतो तो अर्थ असा: अंथरुणात नुसतं पडू देणं वाईट, आणि पेशी तयार नसताना ताणणंही वाईट. रुग्ण स्थिरावला की पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवणं, मग खुर्ची, मग उभं राहणं, हा क्रम फिजिओथेरपिस्टला ठरवू द्या. 'उठा हो, प्रयत्नच करत नाही तुम्ही' असं म्हणू नका. प्रयत्न तो करतोच आहे.

अशक्तपणा किती आहे हे मोजता येतं. रुग्ण शुद्धीवर आला की डॉक्टर दोन्ही बाजूंच्या सहा हालचाली तपासतात: दंड बाजूला उचलणं, कोपर वाकवणं, मनगट वर करणं, मांडी पोटाकडे घेणं, गुडघा सरळ करणं, पाऊल वर ओढणं. प्रत्येकीला शून्य ते पाच गुण, एकूण साठ. ४८ च्या खाली गुण आले तर आयसीयूमुळे आलेला स्नायूंचा अशक्तपणा आहे असं धरतात. डिस्चार्जच्या वेळी हा आकडा कार्डावर लिहून मागा. तीन महिन्यांनी सुधारणा झाली की नाही, हे त्यावरूनच कळेल.

एक खास सावधगिरी. रुग्ण आजारापूर्वीच खंगलेला असेल, दारूचं व्यसन असेल, क्षय किंवा कर्करोगाने वजन बरंच उतरलं असेल, किंवा आठ-दहा दिवस पोटात काहीच गेलं नसेल, तर अचानक भरपूर खायला घालणं धोक्याचं आहे. एटीपीमधला 'पी' म्हणजे फॉस्फेट. उपाशी शरीरात एकदम साखर आली की इन्सुलिन वाढतं, फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात, रक्तातली पातळी कोसळते. श्वासाचे स्नायू थकतात, हृदय अडखळतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी युद्धकैद्यांत हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं. अशा रुग्णाला साखरेच्या आधी थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं, कारण त्याच्याशिवाय साखर तंतुकणिकेत नीट जळत नाही. घरी दारूची सवय असेल तर लाजेखातर लपवू नका, डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा.

घरी आणल्यावर चित्र पालटतं. आता पेशी जळण वापरू लागलेली असते, त्यामुळे खाणं आणि हालचाल या दोन्हींचा उपयोग होतो, आणि दोन्ही एकत्रच लागतात. आपल्याकडे आजारी माणसाला पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर देतात. पोटाला हलकी, पण त्यात प्रथिन जवळजवळ नाही. बऱ्या होणाऱ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिन लागतं. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. हे ताटात कसं आणायचं? दोन अंडी १२ ग्रॅम, दोन पेले दूध १२ ते १३, दोन वाट्या घट्ट वरण १२ ते १४, शंभर ग्रॅम पनीर १८, तीन पोळ्या ९ ते १०, मूठभर शेंगदाणे ७ ते ८. मासे खात असाल तर शंभर ग्रॅमला १८ ते २०. वरणाचं नुसतं पाणी देऊ नका, डाळ खाली राहते आणि प्रथिन तिच्यातच असतं. एका वेळी जात नसेल तर दिवसातून सहा वेळा थोडंथोडं. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल तर हे आकडे लागू नाहीत, ते डॉक्टरच ठरवतील. शाकाहारी रुग्णांचं ब-१२ आणि सर्वांचंच ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या.

घराची रचनाही बघा. जमिनीवरची गादी काढून पलंग लावा. खालून उठायला मांडीचा जो स्नायू लागतो तोच सर्वांत जास्त झिजलेला असतो. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची भाड्यानेही मिळते. न्हाणीत बसायला भक्कम स्टूल आणि भिंतीला आधाराचा दांडा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असाल तर पहिले काही आठवडे खालच्या मजल्यावरच्या नातलगांकडे ठेवण्याचा विचार करा.

व्यायामाची सुरुवात खुर्चीपासून. हात असलेली मजबूत खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पाय जमिनीवर, थोडं पुढे झुकायचं, आणि हाताने आधार घेत उठून उभं राहायचं, मग सावकाश बसायचं. धपकन बसू नका. सावकाश खाली येतानाच स्नायूला जास्त काम पडतं. पहिल्या दिवशी तीनदा जमलं तरी चालेल. विश्रांती, परत तीनदा. दिवसातून तीन-चार वेळा. दर दोन-तीन दिवसांनी एकाने वाढवा. चालताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतपतच दम लागू द्या. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नसेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, एक पायरी मागे या. छातीत दुखणं, चक्कर, डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेखाली ऑक्सिजन जाणं, ठोके अनियमित होणं, यांपैकी काही झालं तर तिथेच थांबून फोन करा. आणि खाल्ल्यावर तासाभरात थोडी हालचाल ठेवा, त्यातलं प्रथिन स्नायूकडे जायला मदत होते.

किती दिवस लागतील? हे खरं सांगणं माझं कर्तव्य आहे. टोरोंटोतल्या डॉक्टर मार्गारेट हेरिज यांनी फुफ्फुसं निकामी होऊन वाचलेल्या १०९ जणांचा पाठपुरावा केला. आयसीयूतून निघताना त्यांनी सरासरी १८ टक्के वजन गमावलं होतं. सहा मिनिटांत चालण्याचं अंतर एका वर्षानंतर अपेक्षेच्या ६६ टक्के होतं, पाच वर्षांनी ७६ टक्के. हे बहुतेक मध्यमवयीन होते. काही रुग्णांत स्नायूचा आकार परत येतो पण ताकद तितकी येत नाही, हेही दिसलं आहे. म्हणजे महिनाभरात पूर्वीसारखं होईल, असं रुग्णाला सांगू नका. तो त्याच तारखेची वाट पाहतो आणि ती उलटली की खचतो. त्याऐवजी गेल्या आठवड्यात आणि या आठवड्यात काय फरक पडला ते दाखवा. नोकरीवर परतायचं असेल तर कार्यालयाशी आधीच बोलून कमी तासांची सोय करून घ्या. सुन्नपणा, मुंग्या, किंवा पाऊल लोंबणं राहिलं असेल तर नुसता स्नायू नाही, नसही गुंतलेली असू शकते. मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवा.

डिस्चार्जनंतरच्या पुढच्या तपासणीला जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: वजन, अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता आलं, न थांबता किती पायऱ्या चढता आल्या, आणि दिवसभरात काय काय खाल्लं. 'अशक्तपणा आहे' एवढं सांगितलं तर टॉनिकची बाटली मिळेल. हा कागद पुढे केलात तर डॉक्टरांना उपचार ठरवता येतील.